फोन आहे ना, मग कशाला?

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हा लेख भांडणाचा आहे. स्मरणिकेत दरवर्षी येतं तसं प्रवासवर्णन हवं असेल तर खुशाल पान उलटा. माझं भांडण आहे ते एका वाक्याशी: "फोन आहे ना, मग कशाला?" हे वाक्य मी चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर ऐकलं, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ऐकलं, वूडलँड्सच्या चेकपॉइंटवर बसमध्ये ताटकळताना ऐकलं. बोलणारे सगळे शिकलेसवरलेले, बहुतेक माझ्यासारखेच आयटीतले. तोंडी उत्तरं देऊन थकलो, म्हणून आता छापूनच देतो.

प्रश्न आहे हातात मावणाऱ्या, साध्या, स्वस्त जीपीएस यंत्राचा. इथल्या शाळांना जूनमध्ये चार आठवडे सुट्टी असते. आपण मुलांना घेऊन गावी जातो आणि "पोरांना आपला इतिहास कळला पाहिजे" म्हणून एखाद्या गडावर नेतो. हेतू उत्तम. पण जरा तारखा बघा. महाराष्ट्रात पाऊस पोचतो तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे ढग गडाच्या कमरेला टेकलेले, वाटा निसरड्या, दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही, अशा दिवसांत नेमके आपण घाटमाथ्यावर असतो. सोबत असतो सिंगापुरात वाढलेला बारा वर्षांचा मुलगा. त्याने आयुष्यात सर केलेलं सर्वोच्च शिखर म्हणजे १६३ मीटरचं बुकित तिमाह, आणि तेही डांबरी रस्त्याने.

आता दोन घटना सांगतो. नावं देत नाही. घरच्यांच्या जखमेवर कशाला बोट ठेवा?

मे २०२२. दिल्लीचा एक तरुण इंजिनिअर लोणावळ्याजवळच्या ड्यूक्स नोजला, म्हणजे आपल्या नागफणीला, एकटाच गेला. परतताना वाट चुकला. वाट चुकल्याचं त्याने फोन करून कळवलंसुद्धा. नंतर फोन लागेनासा झाला. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेची मुलं, पोलिस, एनडीआरएफ, सगळे शोधत होते. चार दिवसांनी दरीत मृतदेह सापडला.

ऑगस्ट २०२३. पुण्याचे सहाजण हरिश्चंद्रगडावर निघाले. पाऊस आणि धुकं यांत वाट हरवली, जंगलात अडकले. एकाचा थंडीने मृत्यू झाला, बाकीच्यांना वन खात्याच्या लोकांनी खाली आणलं. हरिश्चंद्रगड हा काही हिमालय नाही. उंची चौदाशे मीटरच्या आसपास. पाचनईच्या वाटेने शाळेच्या सहली जातात. तरीही.

या सातांपैकी कुणाकडे फोन नव्हता असं तुम्हाला वाटतं का? नागफणीच्या त्या मुलाचा तर फोन लागलासुद्धा होता. फोनवरून "मी हरवलो" हे कळलं. नेमका कुठे, हे मात्र शोधणाऱ्यांच्या हाती नव्हतं. साधं यंत्र असतं तर ही माणसं वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाच्या जिवावर वाद जिंकायचा नसतो. मी एवढंच म्हणतो, की "फोन आहे ना" हे वाक्य या दोन्ही ठिकाणी अपुरं पडलं.

आता कुणी म्हणेल, अहो, फोनमध्येही जीपीएस असतोच की. असतो! आणि रेंज नसली तरी तो चालतो, हेही मी तुमच्या आधी सांगतो, कारण "रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही" हा गैरसमज आपल्यातल्या चांगल्या-चांगल्या प्रोग्रॅमरांना आहे. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून ते उपग्रह फक्त दोन गोष्टी ओरडून सांगत असतात: आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. आपलं यंत्र चार उपग्रहांचं ऐकतं आणि स्वतःचा ठिकाणा काढतं. यात टॉवर नाही, सिमकार्ड नाही, महिन्याचं बिल नाही. रेंज गेली की फोनमध्ये जातो तो नकाशा. निळा ठिपका असतो, पण करड्या रिकाम्या चौकटीवर. नकाशा आधी उतरवून ठेवला तर तोही प्रश्न सुटतो. मग माझी तक्रार काय?

तक्रार अशी, की फोन हे तुमचं बोलायचं यंत्र आहे. गडावर अडचण आली तर त्यावरूनच ११२ लागणार आहे, त्यावरूनच गावातल्या माणसाला हाक जाणार आहे. त्याच फोनला आपण सकाळपासून नकाशा दाखवायला लावतो, वर फोटो, वर व्हिडिओ, वर पोरांची गाणी. डोंगरात रेंज शोधून शोधून तो आधीच धापा टाकत असतो. दुपारी तीनला बॅटरी बारा टक्के. आणि पाऊस पडायला लागला की काचेवरचे थेंब म्हणजेच बोटं असं त्याला वाटतं. नकाशा आपला आपण मोठा होतो, लहान होतो, मध्येच कॅमेरा उघडतो. ओल्या हाताने, ओल्या काचेवर, छत्री मानेत धरून नकाशा सरकवायचा प्रयत्न करून बघा एकदा. आपण ऑफिसात सर्व्हरच्या दोन-दोन प्रती ठेवतो, एक पडला तर दुसरा हवा म्हणून क्लायंटला बजावतो, त्याचे पैसेही घेतो. आणि स्वतःच्या मुलाला घेऊन डोंगरात जाताना सगळं ओझं एका बॅटरीवर? बोलायचं यंत्र वेगळं, वाटेचं यंत्र वेगळं. माझं सगळं म्हणणं यात आलं.

आता ते दुसरं यंत्र कोणतं घ्यायचं, यावरही मला भांडायचं आहे, कारण "फोन पुरे" म्हणणाऱ्यांच्या बरोबर विरुद्ध टोकाला आपल्याकडे दुसरी जमात आहे. हे लोक घेतात तर सातशे डॉलरचं घड्याळ घेतात. त्यात नाडी मोजली जाते, झोप मोजली जाते, गोल्फचं मैदान दिसतं. चेंगी विमानतळापासून ते मनगटावर मिरवत गावी जातात, आणि वापर काय, तर लिफ्टऐवजी जिना चढल्याबद्दल घड्याळ शाबासकी देतं.

माझी या बाबतीतली दीक्षा विस्कॉन्सिनची. २००३ साली मी तिथे मास्टर्स करायला गेलो. तिथे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून, हरणाच्या शिकारीचे नऊ दिवस असतात. भडक नारिंगी कपडे घालून अख्खी गावं जंगलात जातात. माझ्या लॅबमधल्या एका मुलाचे वडील त्यातले. मी शिकारीला गेलो नाही, मी वरण-भातवाला माणूस. पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदल्या रात्री चाललेली तयारी बघितली आहे. घरात बंदुका महागाच्या होत्या, बूट महागाचे होते, आणि जीपीएस मात्र सगळ्यात स्वस्त, पिवळा, काळ्या-करड्या पडद्याचा ई-ट्रेक्स. त्यात नकाशासुद्धा नव्हता. मी विचारलं तर ते म्हणाले, मला जंगल माहीत आहे, मला फक्त अंधार पडल्यावर गाडी कुठे उभी केली ते सांगणारा कुणीतरी हवा. गार्मिनच्या यंत्रांतल्या खुणांच्या यादीत शिकाऱ्यांसाठी खास चिन्हं असतात: जनावराचे पाय, मचाण, रक्ताचा माग, आणि त्याच यादीत ट्रक. ते गाडीतून उतरले की सगळ्यात आधी ट्रकची खूण करत. बंदूक नंतर.

आपल्याला मचाणाचं चिन्ह कधीच लागणार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, आणि सिंगापुरात तर माकडाला केळं दिलं तरी दंड होतो. पण शिकाऱ्याचा तो हिशेब मला पटला. रात्री, पावसात, थंडीने बोटं आखडलेली असताना जे चालेल तेच घ्यायचं. बाकी सगळी चैन.

या हिशेबाने आज काय घ्यावं? बटणांचं घ्या, टच नको. सेल बदलता येणारं घ्या, आत बंदिस्त बॅटरी असलेलं नको. उन्हात वाचता येईल असा पडदा बघा. रंगीत नसला तरी चालेल, नव्हे, नसलेलाच उन्हात बरा दिसतो. पाण्यात पडलं तर मरू नये. यादी संपली. २०२३ मध्ये आलेला गार्मिनचा ई-ट्रेक्स एसई या यादीत चपखल बसतो. बाजारात आला तेव्हा किंमत दीडशे अमेरिकन डॉलर. दोन डबल ए सेलवर साध्या वापरात १६८ तासांपर्यंत चालतो असं कंपनी म्हणते. कंपनीच्या आकड्याला नेहमीसारखी कात्री लावा, निम्मा धरा, तरी शनिवार-रविवार निघून सेल उरतात. त्याच्यावर नकाशा दिसत नाही, हे खरं. नकाशा हवाच असेल तर २०१९ चा ई-ट्रेक्स २२ एक्स आहे. रंगीत पडदा, मेमरी कार्ड, ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले फुकटचे नकाशे त्यात टाकता येतात. पण सेल पंचवीस तास, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, म्हणजे चालत असताना दिशा कळते, थांबलात की बाण भरकटतो. मग सोबत दहा डॉलरचं चुंबकी होकायंत्र ठेवा. खरं तर ते कुठल्याही यंत्रासोबत ठेवा.

सेलबद्दल एक शब्द. गडाच्या पायथ्याच्या दुकानात जे स्वस्त पेन्सिल सेल मिळतात ते घड्याळासाठी ठीक, यात लवकर बसतात. मुस्तफातून चांगले रिचार्जेबल चार घ्या, दोन यंत्रात, दोन प्लॅस्टिकच्या पिशवीत.

जुनं यंत्र कुणी देत असेल तर? घ्या. मात्र २००० च्या सुमाराचं असेल तर तारीख चुकीची दाखवण्याची शक्यता आहे. जीपीएसमध्ये आठवडे मोजायला दहाच बिट ठेवले होते, त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी काटा परत शून्यावर येतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये आला, मग ६ एप्रिल २०१९ ला आला. वायटूकेच्या जोरावर परदेशी आलेल्या पिढीला याचं कौतुक वाटेल. तारीख चुकली तरी जागा बहुतेक वेळा बरोबर येते, पण घरी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात तुरुंगाची भानगड आहे. "घ्यायचंच तर एसओएस पाठवणारं घेऊ, बटण दाबलं की हेलिकॉप्टर येतं," असं म्हणून काहीजण सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र उचलतात. अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये ते उत्तम आहे. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं हाच गुन्हा आहे. कायदा जुना, तारायंत्राच्या काळातला, पण २६ नोव्हेंबर २००८ नंतर सॅटेलाइट फोनबाबत यंत्रणा फार कडक झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंच्या सामानात असं इनरीच यंत्र निघालं आणि त्यांना अटक झाली. त्या धावायला आल्या होत्या, हेरगिरीला नव्हे. आपण तर मुलांची दप्तरं आणि बाकरवडीचे पुडे सांभाळत रांगेत उभे असतो. सोबत हे लचांड नको.

फरक नीट समजून घ्या. ई-ट्रेक्स एसई किंवा २२ एक्स उपग्रहाचं फक्त ऐकतात, उपग्रहाला काही सांगत नाहीत. रेडिओ आणि वायरलेस यांत जो फरक, तोच इथे. ऐकणारी यंत्रं भारतात दुकानांत उघड विकली जातात. पण विमानतळावरच्या माणसाला पहाटे तीन वाजता हा फरक समजावत बसायची हौस नसेल, आणि काही देशांच्या प्रवास-सूचनाही या दोन्ही यंत्रांबद्दल मोघमच बोलतात, तर सरळ पुण्या-मुंबईत पावतीसह विकत घ्या आणि येताना भावाकडे ठेवून या. तसंही ते इथे फ्लॅटमध्ये पडून राहणार.

घेतल्यावर शिकायचं किती? फार नाही. तीन गोष्टी. गाडीतून उतरलात की मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटं यंत्र चालू ठेवून ठिकाणाची खूण करायची, विस्कॉन्सिनच्या काकांसारखी. चालताना माग नोंदवणं चालू ठेवायचं. आणि धुकं उतरलं, शंका आली, की ट्रॅकबॅक लावून आल्या पावली परत फिरायचं. आल्या पावली हे शब्द महत्त्वाचे आहेत. यंत्रातला दुसरा पर्याय असतो सरळ त्या खुणेकडे बाण दाखवण्याचा. सह्याद्रीत तो पर्याय जीवघेणा आहे. बाणाला फक्त दिशा कळते, कडा कळत नाही. कोकणकड्यावर उभं राहून कोकणातल्या गावाची खूण निवडलीत तर बाण तुम्हाला इमानेइतबारे कड्यावरून पुढे जायला सांगेल.

चौथी गोष्ट आकडे वाचून दाखवण्याची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या व्यवसायातल्या लोकांनाच याची खोड कळेल. ठिकाण सांगायच्या तीन पद्धती आहेत: नुसते दशांशातले अंश, अंश आणि दशांशातली मिनिटं, किंवा अंश-मिनिटं-सेकंद. हरिश्चंद्रगडाचा अक्षांश साधारण १९ अंश २३ मिनिटं. घाबरलेला माणूस फोनवर "एकोणीस तेवीस" म्हणतो आणि पलीकडचा १९.२३ लिहून घेतो. झालं! सतरा किलोमीटरचा फरक. तुम्ही गडावर कुडकुडताय आणि शोधपथक जुन्नरच्या पश्चिमेला रान धुंडाळतंय. म्हणून यंत्रात एकच पद्धत लावून ठेवा, घरातल्या सगळ्यांना तीच शिकवा, आणि सांगताना "अंश", "मिनिटं", "पूर्णांक" हे शब्द उच्चारून सांगा. रेंज काठावर असेल तर फोन करण्याच्या भानगडीत पडू नका, आकडे लिहून एसएमएस टाका. बोलणं तुटतं तिथेही एसएमएस जातो.

शिवाय जुन्या टोपोशीटवरून आकडे काढणाऱ्यांनी, आणि असे हौशी आपल्यात आहेत, एक ध्यानात ठेवावं. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी शीट्स एव्हरेस्टच्या मापावर काढलेली आहेत आणि जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या सह्याद्रीत या दोन्हींत शंभर मीटरच्या वर फरक पडतो. मैदानात शंभर मीटर म्हणजे काही नाही. डोंगराच्या सोंडेवर शंभर मीटर म्हणजे वाट आणि दरी. २००५ च्या नकाशा धोरणानंतर निघालेली ओपन सिरीज शीट्स डब्ल्यूजीएसवरच आहेत. शक्यतो तीच वापरा.

यंत्राच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर म्हणाल हा गार्मिनचा दलाल आहे. नळीच्या वाटेसारख्या चिंचोळ्या घळीत शिरलात की वर आकाशाची फक्त पट्टी उरते. उपग्रह कमी दिसतात, सिग्नल कड्यावर आपटून येतात, आणि यंत्र तुम्हाला शेजारच्या सोंडेवर दाखवतं. इथे चोआ चू कांगच्या उंच ब्लॉकांमध्ये टॅक्सीवाल्याचा नकाशा आपल्याला पलीकडच्या ब्लॉकमध्ये दाखवतो, तेच दुखणं. आणि दुसऱ्या कुणीतरी इंटरनेटवर टाकलेला माग डोळे झाकून वापरू नका. तो माणूस मार्चमध्ये दोर घेऊन उतरला होता की काय, ते त्या रेषेवर लिहिलेलं नसतं.

आता तो शेवटचा आणि सगळ्यात आवडता युक्तिवाद. व्हॉइड डेकवरच एका स्नेह्यांनी मला ऐकवला: "महाराजांच्या मावळ्यांकडे कुठे होता जीपीएस?" टाळ्याही मिळाल्या. खरं आहे, नव्हता. पण मावळा त्याच खोऱ्यात जन्मला, त्याच रानात गुरं वळून मोठा झाला, आणि महाराजांनी त्याची नेमणूक तो वाट जाणतो म्हणून केली. तुम्ही-आम्ही वाशीहून, कोथरूडहून, नाशिकहून आलो, वीस वर्षं एमआरटीने कचेरीत गेलो. एमआरटीतून उतरल्यावर कुठल्या एक्झिटने बाहेर पडायचं तेही आपण पाटी वाचून ठरवतो. मावळ्याचा वारसा आपण नक्की सांगावा, पण त्याची नजर वारशात मिळत नाही.

आजचे मावळे कोण, हे बघायचं असेल तर पाचनईला, खिरेश्वरला, राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याला बघा. वाटाड्या घ्या. घ्याच. त्याला ठरलेल्या पैशांपेक्षा चार जास्त द्या आणि तो सांगेल तेव्हा परत फिरा. कुणी म्हणेल, मग यंत्र कशाला? कारण वाटाड्याही माणूस आहे, त्याचा पाय मुरगळू शकतो. कारण मुलं पुढे पळतात आणि तुकडी दोन ठिकाणी फुटते. कारण आपल्यातले निम्मे लोक "दोनशे रुपये कशाला, वाट तर दिसतेय" म्हणून वाटाड्या घेतच नाहीत. सातशे डॉलरचं घड्याळ घालून दोनशे रुपयांवर घासाघीस करणारा माणूस मी याच डोळ्यांनी बघितला आहे. तो सिंगापूरचाच होता. आणखी काही लिहीत नाही, तो ही स्मरणिका वाचतो.

आणि वाट चुकल्यावर आपल्याला शोधायला कोण येतं, याचा विचार करा. शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेले गिर्यारोहक. हे पगारी लोक नाहीत. कुणाचं दुकान आहे, कुणी नोकरीवर आहे. रात्री फोन आला की दोर खांद्यावर टाकून पावसात निघतात, आणि कधीकधी प्रेत खांद्यावर घेऊन येतात. त्यांना आपण नेमके आकडे दिले तर ते सरळ आपल्यापाशी येतात. "एक मोठं झाड आहे, शेजारी दगड आहे" असं सांगितलं तर ते रात्रभर फिरतात, त्याच निसरड्यावर, त्याच कड्यांखाली. आपल्या दीडशे डॉलरच्या कंजुषीची किंमत तेव्हा दुसऱ्याचा मुलगा मोजत असतो. यावर मात्र मला कुणाचा विनोद ऐकायचा नाही.

आपलीच इथली मुलं बघा. पीआर घरांतला मुलगा अठराव्या वर्षी नॅशनल सर्व्हिसला जातो, तिथे त्याला नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात सोडतात. ज्या ओल्ड चोआ चू कांग रोडच्या पलीकडे लष्कराच्या "आत येऊ नका" अशा पाट्या आहेत, त्याच बाजूच्या रानात आपल्या ओळखीच्या घरांतली पोरं रात्री नेमून दिलेली ठिकाणं शोधत फिरली आहेत. त्यांना विचारा, ते सांगतील. बाप मात्र बोट ओलं करून फोनची काच पुसतोय.

म्हणून मंडळाकडे माझी रीतसर मागणी आहे. आपल्या सामानाच्या खोलीत ढोल आहेत, लेझिमा आहेत, नाटकाच्या दाढ्या-मिशा आहेत. त्यात दोन साधी जीपीएस यंत्रं विकत घेऊन ठेवावीत. खर्च तीनशे अमेरिकन डॉलर, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या फुलांपेक्षा फार नाही. गावी नेण्यासाठी नव्हे, फक्त सरावासाठी. एप्रिल-मे महिन्यांत दर रविवारी सकाळी साडेसातला मी चोआ चू कांग पार्कमध्ये शिकवायला तयार आहे. तिथून पुढे रेल कॉरिडॉरवर चालत जाऊ, ज्यावरून ३० जून २०११ पर्यंत मलायाची आगगाडी तांजोंग पागारला जात होती. दहा वर्षांपुढच्या मुलांनी यावं, आयांनी यावं, आणि "फोन आहे ना" म्हणणाऱ्यांनी तर जरूर यावं. मंडळाची यंत्रं येईपर्यंत माझं एक आहे, सेलही मी आणतो. पावसामुळे वर्ग रद्द होणार नाही.